पान त्र्याऐंशीवरचा कपकेक

वर्ना टॉलफ्सनच्या पोटात दुखायला लागलं ते एका कागदाच्या तुकड्यामुळे. पत्त्याच्या पानाएवढा पांढरा तुकडा, मधोमध दुमडून ताटापुढे उभा केलेला, आणि त्यावर निळ्या शाईत, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात लिहिलेलं: ‘एक चॉकलेट कपकेक. कॅलरी १३५. साखर ९ ग्रॅम. कर्बोदकं २० ग्रॅम.’ बस्स, एवढंच.

रविवारची प्रार्थना संपली की मंडळी जिना उतरून चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला येतात, ही इथली जुनी रीत. खाऊ बायका आळीपाळीने आणतात. ताटाच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहायचं, म्हणजे रिकामं ताट बरोबर घरी पोचतं. नाव बुडालाच, वर नाही, कारण वर लिहिणं म्हणजे मिरवणं. खाऊपुढे पाटी उभी करण्याचा आगाऊपणा या तळघरात आजवर कुणी केला नव्हता. आता कुणीतरी हे ताट आणणाऱ्या जोलीनला दोन शब्द सुनावेल म्हणून वर्ना कॉफीचा कप धरून वाट बघत उभी राहिली. पण सुनावणं राहिलं बाजूला, लोक चष्मे पुसून पुसून तो तुकडा वाचत होते.

“अगं बाई, एकशे पस्तीस!” वर्नाची नणंद डेलोरिस म्हणाली. तिचा आवाज तळघराच्या चारी कोपऱ्यांत पोचायचा. “माझ्या सकाळच्या लोणी लावलेल्या पावात याहून जास्त असतात!”

आणि मग वर्नाच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याने, हार्लनने, हात पुढे केला आणि एक कपकेक उचलला.

हार्लनला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला होता. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात पोती मोजलेला हा माणूस, तेव्हापासून रोज सकाळी बोट टोचून आकडा वहीत लिहायचा. त्याने गोड सोडलं ते एका दिवसात आणि तक्रार न करता. वर्नाचे कपकेकही सोडले. घरात ते भाजले जायचे तेव्हा तो गॅरेजमध्ये जाऊन बसायचा, वास नको म्हणून. आणि आज तोच हार्लन भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून, चॉकलेटचा कपकेक खात होता. कागदाला चिकटलेला चुरादेखील त्याने बोटाने टिपून खाल्ला.

“वाईट नाही,” हार्लन म्हणाला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटायचं नाही. पण या गावात ‘वाईट नाही’च्या वर कौतुकाची पायरीच नाही. लग्नाच्या दिवशी वर्नाला पांढऱ्या झग्यात बघून हार्लन हेच म्हणाला होता.

आता जोलीनविषयी. जोलीन ह्यूसबी मूळची इथलीच. लग्न होऊन शेजारच्या राज्यात गेली होती, ती या मार्चमध्ये नवरा गेल्यावर आईच्या रिकाम्या घरात राहायला आली. एकसष्टची, म्हणजे वर्नाहून सात वर्षांनी लहान, आणि सडपातळ. केस पांढरे झालेत ते तसेच ठेवलेत, तरी शोभतात. इथपर्यंत वर्नाने सगळं सहन केलं होतं. पण चॉकलेट कपकेक हा वर्नाचा प्रांत होता. तिच्या कपकेकवर बोटभर उंच क्रीम असायचं, आत लोण्यासारखा मऊ केक, आणि गेली तीस वर्षं तिच्या पाळीच्या रविवारी तळघरात गर्दी जास्त असायची. जुन्या पाद्रीबाबांनी एकदा भर लोकांत तो ‘सुरेख’ आहे असं म्हटलं होतं. ते बाबा वारले, पण तो शब्द वर्नाने अजून जपून ठेवला होता.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, “एकशे पस्तीस म्हणे. हिला काय स्वप्न पडलं?”

“लिहिलं होतं की तसं,” हार्लन म्हणाला.

“लिहायला काय जातंय? मीही लिहीन, माझा कपकेक म्हणजे काकडी.”

हार्लन हसला. संध्याकाळी त्याने बोट टोचलं, आकडा बघितला आणि वही वर्नापुढे सरकवली. आकडा चांगला होता. वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याची साखर वाढली नाही म्हणून बाईचं डोकं फिरावं, असं तिच्या बाबतीत त्या संध्याकाळी झालं, आणि हे तिला स्वतःलाही कळत होतं.

पुढचे पाच-सहा रविवार असेच गेले. जोलीनची पाळी असो की नसो, लोकांच्या आग्रहाने ती एक छोटं ताट आणायचीच. साखर झालेल्यांची तळघरात काही कमी नव्हती. बायपास झालेले, वजन वाढलेले, नुसतेच घाबरलेले असे सगळे त्या ताटाभोवती जमायचे. वर्नाचे कपकेक क्रीमचे मुकुट घालून ताटात बसून राहायचे. एका रविवारी तिने सात परत घरी नेले. तीस वर्षांत एकही परत गेला नव्हता.

खरा घाव बसला तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार होती. चर्चच्या तळघरात दुपारी सगळ्या गावाला कॉफी आणि केक, हे ठरलेलंच. वर्ना टेबलाशी बसून यादी करत होती.

“कपकेक आठ डझन पुरतील ना रे?”

हार्लनने वाचता वाचता मान वर केली. मग पेपरची घडी घालत म्हणाला, “मी म्हणत होतो, कपकेक जोलीनला सांगितले तर?”

वर्नाने पेन्सिल खाली ठेवली. “काय?”

“अगं, म्हणजे मलाही खाता येतील. पंचेचाळीस वर्षं झाली वर्ना. माझ्याच लग्नाच्या वाढदिवसाला मी कोपऱ्यात नुसती काळी कॉफी पीत उभा राहू का?”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती आणि तेच वाईट होतं. भांडायला जागाच नव्हती. वर्ना उठली, सिंकमधली स्वच्छ भांडी पुन्हा घासली आणि घासता घासता म्हणाली, “ती बाई खोटं लिहिते, हार्लन. इतक्या कमी साखरेत केक होतो का कधी? चिखल होतो. चव कुठून येते मग? तुला फसवतेय ती, आणि तू भुलतोयस.”

“माझा आकडा तर फसत नाही,” हार्लन म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला.

त्या रात्री वर्नाने मनाशी पक्कं केलं की या बाईचा खोटेपणा चव्हाट्यावर आणायचा. पुढच्या रविवारी जोलीनच्या ताटातला एक कपकेक तिने कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि सोमवारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ कीर्स्टनपुढे नेऊन ठेवला. ही कीर्स्टन लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत वर्नाचीच विद्यार्थिनी होती. हार्लनला काय खा, काय नको हे आता तीच सांगायची.

“यात कॅलरी किती?” वर्नाने विचारलं.

कीर्स्टनने कपकेक उलटसुलट करून बघितला. पर्समध्ये तो एका बाजूने चेपला होता. “कुणाचा आहे?”

“कुणाचा का असेना.”

“मिसेस टॉलफ्सन, नुसतं बघून कसं सांगू? रेसिपी लागते. काय काय घातलं, किती घातलं आणि त्यातून किती नग झाले. सगळ्याची बेरीज करायची आणि नगांनी भागायचं.”

“म्हणजे रेसिपी कुणी बघितलीच नाही, तर कुणीही काहीही आकडा लिहू शकतं?”

“लिहू शकतं की.”

वर्नाचा चेहरा उजळला. कीर्स्टनला वाटलं, बाईंना या विषयात रस आहे. “तुम्हाला करून दाखवू का? तुमचा कपकेक सांगा, प्रसिद्धच आहे तो. दार लावून घेते, कुणाला सांगणार नाही.”

स्तुती ऐकून माणूस फसतो. वर्नाने सांगायला सुरुवात केली. मैदा दोन कप, साखर दोन कप, कोको पाऊण कप, आणि मग आवाज खाली आणून, मेयॉनीज एक कप. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. वरच्या क्रीमला लोणी आणि तीन कप पिठीसाखर. नग अठरा. कीर्स्टन संगणकावर टकटक करत राहिली आणि मग तिने त्याचा पडदा वर्नाकडे वळवला.

“तीनशे ऐंशी,” ती म्हणाली. “साखर बेचाळीस ग्रॅम.”

“म्हणजे किती?”

“दहा चमचे. एका कपकेकमध्ये.” कीर्स्टनने काळजीने विचारलं, “हार्लनकाकांना देत नाही ना तुम्ही?”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वर्ना पर्स उचलून बाहेर आली आणि गाडीत बसल्यावर तिने तो चेपलेला कपकेक रागाच्या भरात खाऊन टाकला. पहिल्यांदाच खात होती ती जोलीनचा. कोकोचा कडवट, गडद स्वाद आधी आला आणि गोडवा मागून, हळूच. ओलसर होता. वर क्रीम नव्हतं आणि हवंसंही वाटत नव्हतं. रुमालातला चुरा वेचताना तिच्या लक्षात आलं की हार्लननेही असंच केलं होतं. मग तिने रुमालाचा बोळा करून खिडकीबाहेर फेकला. आयुष्यात तिने रस्त्यावर कधी कचरा टाकला नव्हता.

पण रेसिपी तर हवीच होती. मंगळवारी तिने जोलीनचं दार वाजवलं. काय बोलायचं ते तिने वाटेत पाठ करून ठेवलं होतं.

“अगं, वर्ना! ये ना आत, थंडी किती पडलीय.” जोलीनने कॉफी टाकली. स्वयंपाकघर तिच्या आईच्या वेळचंच होतं, फक्त खिडकीत एका पुरुषाचा फोटो नवा होता. टोपी घातलेला, गोल चेहऱ्याचा, हसरा.

“मी काय म्हणते,” वर्नाने पाठ केलेलं सुरू केलं, “हार्लनच्या दवाखान्यात विचारत होते. तू ते कपकेक आणतेस ना, त्यांची रेसिपी. सहजच. त्यांना नोंद करून ठेवायचीय.”

जोलीन तिच्याकडे बघतच राहिली. “रेसिपी? तू मला मागतेस?”

“का? गुपित आहे का?” वर्नाच्या आवाजाला धार आली. आता सापडली, असं तिला वाटलं.

जोलीनने फडताळातून एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. वर्नाने ते लांबूनच ओळखलं. चर्चच्या शंभराव्या वर्षी बायकांनी मिळून काढलेलं पाककृतींचं पुस्तक ते, प्लास्टिकच्या वेटोळ्यात बांधलेलं. गावातल्या घराघरात एक होतं. जोलीनचं मात्र पार खिळखिळं झालेलं होतं. ते टेबलावर ठेवताच आपोआप उघडलं, तेलाचे आणि कोकोचे डाग पडलेल्या एका पानावर. पान त्र्याऐंशी. ‘चॉकलेट कपकेक – सौ. वर्ना टॉलफ्सन.’

वर्नाने आपलं नाव पुन्हा वाचलं.

तीस वर्षांपूर्वी त्या पुस्तकासाठी प्रत्येकीकडून एकेक पाककृती मागितली होती. वर्नाला नाही म्हणता येईना. कपकेकची दिली नसती तर लोकांनी नावं ठेवली असती, आणि दिली तर घरोघरी तोच कपकेक झाला असता. हे तिला झेपणारं नव्हतं. मग तिने एके दुपारी पेन्सिल घेऊन नीट विचार करून खोटी कृती लिहिली. दोन कप साखरेचा पाऊण कप केला. मेयॉनीज उडवून तिथे ताक आणि चमचाभर तेल घातलं. कोको कमी केला. क्रीमचं तर नावच काढलं नाही. करा म्हणावं आता, असं म्हणून तिने कागद पाकिटात घातला होता. स्वतः मात्र ती कृती तिने कधी करूनही बघितली नव्हती. कशाला बघेल?

आणि गावाने केली की! डेलोरिसने तीनदा केली, तिन्ही वेळा कोरडा झाला म्हणून रडली, आणि शेवटी नवा ओव्हन घेतला. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, असं वर्ना तेव्हा मनातल्या मनात म्हणाली होती. अंगण आपणच वाकडं करून ठेवलंय हे ठाऊक असून म्हणाली होती.

“आईने मला लग्नानंतर पाठवलं हे पुस्तक,” जोलीन सांगत होती. “पुढे कर्टला साखर निघाली. अगं, गोडाशिवाय अडून बसायचा तो, लहान पोरासारखा. मी यातला एकेक केक करून, तिथल्या नर्सकडून आकडे मोजून आणायचे. एकही बसेना. मग हा सापडला. अकरा वर्षं केला मी, दर रविवारी, दर वाढदिवसाला. शेवटच्या वाढदिवसालाही. मी कर्टला म्हणायचे, ज्या बाईने हे लिहिलंय ना, तिच्या घरी नक्की कुणालातरी साखर असणार. इतक्या मायेने कोण साखर कमी करतं?”

वर्नाने खिडकीकडे बघितलं. फोटोतला कर्ट हसत होता. याने अकरा वर्षं खाल्ला. ज्याचं तोंडही आपण बघितलं नाही, त्याने आपल्या नावाचा कपकेक अकरा वर्षं खाल्ला, आणि हार्लन दोन वर्षं गॅरेजमध्ये बसला. तिला त्या मेलेल्या माणसाचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. साखर कमी करणं तिला केव्हाच जमलं असतं. पण कमी साखरेचा केला आणि कुणी म्हटलं की वर्नाचा हात बिघडला, तर? या एका ‘तर’पायी तिने नवऱ्याला कोरडं ठेवलं होतं.

“मग आल्यापासून कुणाला सांगितलं का नाहीस, माझी रेसिपी आहे म्हणून?” तिने विचारलं. आवाज अजून भांडखोरच होता, दुसरा सापडत नव्हता.

जोलीनने कप बशीत ठेवला. “पहिल्याच रविवारी मी तुझा खाल्ला, वर्ना. तो काही पान त्र्याऐंशीचा नव्हता.” ती खिडकीकडे बघत म्हणाली, “मी नाव घेतलं असतं तर डेलोरिसने तिथल्या तिथे विचारलं असतं, मग तुझा वेगळा कसा? तू काय उत्तर दिलं असतंस? तुझी काही कारणं असतील तेव्हाची. म्हणून गप्प बसले.”

कुणी थोबाडीत मारली असती तर वर्नाला बरं वाटलं असतं. ही बाई तिची चोरी इतके महिने पदरात झाकून बसली होती, आणि आपण तिची चोरी पकडायला आलो होतो. चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर हिचाच यावा! वर्ना उठली.

“थांब, हे पुस्तक घेऊन जा,” जोलीन म्हणाली. “माझ्या पानावर मी थोडं–”

“माझ्याकडे आहे पुस्तक!” वर्ना दारातूनच म्हणाली. “मीच लिहिलंय ते पान.”

दोन दिवस ती हार्लनशीही धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, “कपकेक मीच करणार आहे. तुला खाता येतील असे.”

“जोलीनसारखे?”

“जोलीनसारखे नाहीत. माझेच.”

हार्लनने तिच्याकडे बघितलं आणि वाटाणे खात राहिला.

समारंभाच्या दिवशी पहाटे वर्नाने स्वतःचं पुस्तक काढलं. त्याचं पान त्र्याऐंशी कोरं करकरीत होतं, डाग म्हणून नाही. ती ओळीवर बोट ठेवून, शिकाऊ मुलीसारखी, एकेक गोष्ट मोजून घालत गेली. पाऊण कप साखर घालताना हात दोनदा डब्याकडे परत गेला, तो तिने मागे घेतला. ओव्हनमध्ये ताट गेल्यावर काही वेळाने तिच्या नाकाने सांगितलं, झाला, काढ. पण पानावर पंचवीस मिनिटं छापली होती. आज छापल्याप्रमाणेच करायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि नाहीतरी कमी साखरेच्या केकचं तिला काय कळत होतं? तिने घड्याळाकडे बघत पंचवीस पुरी केली. सहा ताटं झाली तशीच.

दुपारी तळघर भरलं. अर्ध्या टेबलावर लग्नाचे जुने फोटो होते, अर्ध्यावर कपकेक, क्रीमचे मुकुट नसलेले, काळे आणि साधे. लोक जवळ येत होते आणि बुचकळ्यात पडत होते. वर्नाने पर्समधून एक दुमडलेला पांढरा तुकडा काढला आणि ताटांपुढे उभा केला. त्यावर लिहिलं होतं: ‘एक चॉकलेट कपकेक. कॅलरी १३५. साखर ९ ग्रॅम. पान ८३, छापल्याप्रमाणे.’

डेलोरिसने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“छापल्याप्रमाणे?” ती म्हणाली. “म्हणजे काय? तू नेहमी छापल्याप्रमाणेच करतेस ना?”

“नाही,” वर्ना म्हणाली.

“मग कसे करतेस?”

“साखर दोन कप. ताक नाही, मेयॉनीज. क्रीम वेगळं.” वर्नाने कुणाकडे न बघता पुढचं सांगून टाकलं. “मी पुस्तकात खोटं लिहिलं होतं. तुमच्यापैकी कुणाचा माझ्यासारखा होऊ नये म्हणून.”

“मी ओव्हन बदलला!” डेलोरिस म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. “वर्ना, मेले, मी चांगला चालणारा ओव्हन बदलला! तीस वर्षं मला वाटतंय माझ्या हातालाच गुण नाही!”

“माहीत आहे,” वर्ना म्हणाली. “मला माफ कर, डेलोरिस.”

डेलोरिसने माफ केलं नाही. तिने पाठ फिरवली आणि ती फोटोंच्या टेबलाकडे निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी गेल्या. या गावात भांडण असंच होतं, पाठ फिरवून. वर्ना एकटी ताटांमागे उभी राहिली आणि तिने हार्लनकडे बघितलं. सगळं त्याच्यासाठी केलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

हार्लन हळूहळू टेबलाशी आला. तुकडा वाचला. एक कपकेक उचलला, कागद सोलला आणि दोन वर्षांनी बायकोच्या हातचं चॉकलेट तोंडात घातलं. तो सावकाश चावत राहिला. वर्नाने श्वास धरून ठेवला होता.

“वाईट नाही,” हार्लन म्हणाला. तिचा श्वास सुटला. मग तो खोटं न बोलणारा माणूस असल्यामुळे पुढे म्हणाला, “जोलीनचा जरा ओलसर असतो.”

वर्नाच्या अंगातून कळ गेली. भर तळघरात स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, तरी ‘जोलीनचा’? तिने मान वळवली. जोलीन भिंतीशी उभी राहून वर्नाचा कोरडा कपकेक शेवटच्या घासापर्यंत खात होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती. आणि त्या क्षणी वर्नाला आठवलं. तीस वर्षांपूर्वीची दुपार, पेन्सिल, आणि साखर कापून झाल्यावरही मन भरेना म्हणून तिने शेवटची ओळ खोडली होती. खरी मिनिटं खोडून पंचवीस केली होती. कोरडाच होऊ दे सगळ्यांचा, म्हणून. ते ती पार विसरून गेली होती.

ती टेबल ओलांडून जोलीनपुढे जाऊन उभी राहिली. “किती मिनिटं?”

“अं?”

“ओव्हनमध्ये. किती मिनिटं ठेवतेस?”

“सतरा,” जोलीन हळूच म्हणाली. “पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय मी. त्या दिवशी तेच दाखवणार होते, पण तू–”

“मी काय केलं ते मला माहीत आहे,” वर्ना म्हणाली.

ती परत ताटांपाशी आली. पर्समधून पेन काढलं, तुकडा उचलला, ‘छापल्याप्रमाणे’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘पंचवीस नव्हे, सतरा मिनिटं. – जोलीन ह्यूसबी.’ ते नाव लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की कागदाला भोक पडलं. तिने तो तसाच, भोकासकट, पुन्हा उभा केला.

मागे वळून बघितलं तेव्हा हार्लन खुर्ची ओढून बसला होता. दुसरा कपकेक त्याने उचलला होता आणि कोरडा होता म्हणून कॉफीत बुडवून खात होता.